घरची जवारी

अब्बा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्यातला एक जण लातूरला होता, एक मुंबईत आणि दोघे मिरजेतच. तारीख 12 फेब्रुवारी 2025. शाबान महिना चालू होता. मिरजेतल्या दोघांनी मय्यतीला खांदा दिला. लातूरचा रात्री उशिरा पोचला आणि मुंबईचा दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे आम्हा चौघांपैकी दोघांना अब्बांना माती देता आली नाही. दुसऱ्याच रात्री शबे बारात होती. सगळे कब्रस्तान दिव्यांनी आणि माणसांनी भरून गेलेले. जो तो आपापल्या जुन्या कबरी शोधत होता, आणि आम्ही चौघे कालच्या ओल्या मातीशी उभे होतो.

वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. अब्बा आमचे वडील नव्हते. ते आमच्या वर्गमित्राचे वडील. मिरजेत तंबोरे करायचे. त्यांचे दुकान आमच्या शाळेच्या वाटेवर होते आणि शाळा सुटली की आम्ही घरी न जाता तिथे जायचो, एवढाच सुरुवातीचा संबंध. आमच्यातल्या एकाचे वडील लवकर वारले होते, एकाचे आखातात होते, उरलेल्या दोघांचे घरी असून नसल्यासारखे. मित्र त्यांना अब्बा म्हणे म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पुढे गल्लीतल्या लोकांनाही त्यात काही वेगळे वाटेनासे झाले. 'तुमचा अब्बा बोलवतोय' असा निरोप यायचा, तो आम्हा चौघांपैकी कोणालाही.

मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्या गावात सतार-तंबोऱ्याचा धंदा दीडशे वर्षांहून जुना आहे. मूळची ही माणसे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. संस्थानांची हत्यारे म्यानात गेली आणि हातातली कला रिकामी झाली, तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्य दुरुस्त करता करता नवे वाद्य घडवायला सुरुवात केली, असा इतिहास गावात सांगतात. मिरजेत गवयांचा राबता होताच. पलुस्करबुवा बाळकृष्णबुवांकडे इथेच शिकले, हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, आणि अब्दुल करीम खाँसाहेब तर 1937 पासून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले आहेत. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचेही उत्तम ज्ञान होते. त्यामुळे मिरजेचे कारागीर त्यांना नुसते गवई मानत नाहीत, आपल्यातलेच मानतात. अब्बा जुमेरातीला दर्ग्यात गेले की आधी मीरासाहेबांना सलाम करीत, मग खाँसाहेबांच्या कबरीपाशी थांबत. तिथे फातिहा पढून झाल्यावर कबरीवरची धूळ हाताने झटकत. दुकानातला भुसा झटकावा तशी.

तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो. तो कडू, जाड सालीचा, पंढरपूरकडे भीमेच्या काठी पिकवतात. शेतकरी ट्रकमधून आणून टाकीत, मग अब्बा एकेक भोपळा मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने ठोकून पाहत. आम्हाला सगळे आवाज सारखेच वाटायचे. ते मात्र एखादा भोपळा बाजूला ठेवीत आणि म्हणत, 'ये बोलता नै. शरमाता है.' वाळलेले भोपळे माळ्यावर टांगलेले असत. वारा आला की आत सुकलेल्या बिया खुळखुळायच्या. मग भोपळा भिजवायचा, कापायचा, आत बांबूच्या काटक्या लावून त्याला आकार द्यायचा. तुणीच्या लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी, वर तबली, सरसाने चिकटवायचे, लाखेचे पॉलिश करायचे. नक्षीला पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग असे, बंदी आल्यावर प्लास्टिक आले. आमच्या वाट्याला खुंट्या पॉलिश पेपरने घासण्याचे काम येई. एका खुंटीला दहा पैसे. या पैशांतून आम्ही काय काय खाल्ले ते सांगत बसलो तर लेख संपायचा नाही.

पण हे सगळे काम हाताचे. खरे काम जवारीचे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला इतका बारीक उतार असतो की डोळ्यांना कळत नाही. त्या उतारावर तार टेकते-न टेकते अशी झुलते, म्हणून तंबोरा एका सुरात शंभर सूर बोलतो. उतार केसभर चुकला तर तार मुकी होते किंवा नुसती झणझणते. कारागीर तार उतरवतो, कानशीने घोडी जराशी घासतो, तार चढवतो, लावतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. चार तारांसाठी कधी एक दुपार, कधी दोन दिवस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडली की अब्बा काम थांबवायचे आणि आमच्याकडे पाहायचे. आम्ही कितीही दंगा करीत असलो तरी त्या घटकेला गप्प व्हायचो. घोडीवर तारांचे खाचे पडतात, म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. गिऱ्हाईक तंबोरा एकदा घेते, जवारीसाठी जन्मभर येते. गवई, गायनक्लासच्या बाई, कीर्तनकार, भजनी मंडळे, कर्नाटकातून हुबळी-धारवाडचे लोक. अब्बा घरात दखनी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी आणि धारवाडच्या माणसांशी कामापुरते कानडी. मुलांना त्यांनी मराठी शाळेतच घातले. कारण विचारले तर म्हणत, 'तंबोरा कंच्या भाषेत वाजतो?'

आता आमच्याकडून घडले ते.

1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. आम्ही तेव्हा बारावीत होतो. सोलापूरला गेलो, मागच्या रांगेत बसलो आणि परत आलो ते वेगळेच होऊन. मराठीत लिहिणारे, आपल्यासारख्या घरांतून आलेले एवढे लोक आम्ही प्रथमच पाहिले. हमीद दलवाईंचे नाव घरात दबक्या आवाजात ऐकले होते, त्यांची पुस्तके आता उघडपणे वाचली. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला होता. ती तारीख आम्हाला पाठ झाली. समाज शिकला पाहिजे, बाई शिकली पाहिजे, परंपरागत धंद्यांतून पोरे बाहेर पडली पाहिजेत. हे सगळे आम्ही आळीपाळीने अब्बांच्या दुकानात बसून बोलायचो. ते कानस चालवत ऐकायचे.

आमचा मित्र बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. अब्बांच्या मनात त्याने दुकानात बसावे असे होते. आम्ही चौघे एका संध्याकाळी शिष्टमंडळ काढल्यासारखे गेलो आणि त्यांच्यासमोर भाषणेच केली. विजेवर चालणारे तंबोरे आले आहेत, एका डबीत चार तारा बसतात, हा धंदा दहा वर्षांत बुडेल, मुलाचे आयुष्य भोपळ्यात घालू नका. 'भोपळ्यात' हा शब्द आम्हीच वापरला, आणि त्यावर हसलोही. अब्बा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाची कॉलेजची फी त्यांनी आमच्यातल्या एकाच्या हातात दिली. मित्र बी. कॉम. झाला, बँकेत लागला, पुण्यात स्थिरावला. सज्जन माणूस आहे. आई-वडिलांना त्याने कधी कमी पडू दिले नाही.

त्याला एक धाकटी बहीण. घरी तिला छोटी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मुलाच्या कॉलेजसाठी आम्ही शिष्टमंडळ नेले त्याच सुमारास छोटीची शाळा दहावीनंतर बंद झाली. तिच्यासाठी शिष्टमंडळ गेले नाही. आम्ही सोलापूरहून आलेलो, बाई शिकली पाहिजे असे रोज बोलणारे. आतल्या खोलीच्या पडद्यापलीकडून ती आमच्यासाठी चहाचे कप सरकवीत होती आणि आम्ही ते घेत होतो. आज मागे वळून पाहताना हे एवढे उघड दिसते की तेव्हा दिसले नाही यावर विश्वास बसत नाही.

छोटीचे लग्न इचलकरंजीला झाले. यंत्रमागाचे घर. आठ-नऊ वर्षांनी, 2003 मध्ये, एका दुपारी ती मुलीला घेऊन परत आली. तलाक झाला होता. तीन शब्दांचा. अब्बांनी तिला काही विचारले नाही. दुकानाची मागची खोली तिला आणि नातीला दिली आणि रंगाचे डबे तिथून हलवले.

आम्ही मात्र लेख लिहिला. चौघांनी मिळून. 'मिरजेतील एक भगिनी' असा तिचा उल्लेख केला, गल्लीचे वर्णन केले, बापाच्या माळ्यावरचे भोपळे रंगवले. लेखाचे कौतुक झाले, पत्रे आली. अंक घेऊन आम्ही अभिमानाने दुकानात गेलो. अब्बांनी चष्मा लावून पूर्ण लेख वाचला. मराठी ते सावकाश पण अचूक वाचत. मग अंक घडी करून बाजूला ठेवला आणि विचारले,

'उसकू पूछ्या था क्या?'

आम्ही म्हणालो, 'अब्बा, नाव कुठं घातलंय?'

'नाम नै डाले. गल्ली तो डाले.'

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. चहाही आला. फक्त पडद्यापलीकडून कप सरकवणारा हात त्या दिवशी अम्मींचा होता. छोटीची माफी मागावी असे आम्हाला अनेकदा वाटले. मागितली नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तिहेरी तलाक अवैध ठरवला तेव्हा आम्ही एक सभा घेतली आणि तिला व्यासपीठावर बोलवायला गेलो. म्हणजे पुन्हा तेच. ती म्हणाली, 'भाई, मला काम आहे.' आम्हाला वाटले, घरकाम.

अब्बांचे कान याआधीच कमी होत चालले होते. 2005 च्या आसपास आम्हाला ते प्रथम जाणवले. दोनदा सांगावे लागे. ते हसून म्हणत, 'तुम्हारी बातां सुन सुन के कान थक गये.' आम्हीही हसायचो. तंबोरे करणाऱ्या माणसाचे कान जात आहेत याचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. दुकान चालूच होते, गिऱ्हाईक येत होते, जवारी पहिल्यासारखीच किंवा जरा जास्तच गोड लागत होती. एवढा फरक मात्र पडला होता की गिऱ्हाइकासमोर बसून अब्बा आता जवारी काढीत नसत. 'ठेवून जा, आठ दिवसांनी या' म्हणत. कोणी तारीफ केली तर पूर्वी ते 'शुकर है' म्हणत. आता म्हणू लागले, 'घरची जवारी आहे.' लोकांना वाटे, घराण्याची परंपरा सांगताहेत. आम्हालाही तसेच वाटे. उरुसाच्या संगीतसभेत मंचावर त्यांचा एखादा तंबोरा दिसला की आम्ही शेजारच्या माणसाला सांगायचो, 'ऐका, ही घरची जवारी.' ते बोलणे आम्ही वीस वर्षे असेच वापरले.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावात आनंद झाला, बातमीदार आले, सत्कार झाले. आम्ही अब्बांना सांगायला गेलो. मोठ्याने, कानाशी तोंड नेऊन. त्यांनी विचारले, 'भोपळ्याला मिळालं का हाताला?' आम्ही म्हटले, गावाला. 'बरं झालं,' म्हणाले. मग जरा थांबून आतल्या खोलीकडे बोट केले आणि म्हणाले, 'अंदर भी बोलो.' आम्ही दारातूनच ओरडून अम्मींना सांगितले. परत येताना समाधान वाटले की म्हाताऱ्याला बायकोची आठवण आहे.

जियारतीच्या दिवशी, म्हणजे 14 फेब्रुवारीला, कुराणखानी झाल्यावर आम्ही घरात बसलो होतो. अम्मी इद्दतीत. त्या आत आणि आम्ही बाहेर, मध्ये तोच पडदा. पुरसा कसा द्यायचा हे आम्हाला येत नाही हे तिथे कळले. आम्ही सभेत शोकप्रस्ताव मांडणारी माणसे. 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य आमच्या जिभेवर तयार असते. पडद्यासमोर ते बोलवेना. शेवटी लातूरचा एवढेच म्हणाला, 'अम्मी, हम हैं.' आतून अम्मी म्हणाल्या, 'हौ बाबा. खाना खाके जाव.' शेजाऱ्यांनी तीन दिवस घरात चूल पेटू दिली नव्हती. दोन डबे मराठा कुटुंबातून आले होते, एक चर्मकार वस्तीतून. मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. अब्बांची त्या लोकांशी पिढ्यांची ओळख.

मित्र दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन बसला होता. त्याने आम्हाला बाजूला घेतले. दुकान विकावे असे त्याच्या मनात होते. रस्त्याकडेची जागा, भाव चांगला. अम्मींना आणि छोटीला पुण्याला न्यायचे. माळ्यावर चाळीसएक भोपळे आहेत, ते कोणाला तरी द्यायचे. तीन-चार तंबोरे अर्धवट आहेत, त्यांचे आगाऊ पैसे परत करायचे. यादी त्याने बँकेच्या पद्धतीने नीट लिहिली होती. आम्ही माना डोलावल्या. पस्तीस वर्षांपूर्वीचे शिष्टमंडळच पुन्हा बसले होते जणू, आणि यावेळीही निर्णय व्यवहाराला धरून होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. तंबोऱ्याचा. कोणीतरी एक तार छेडली, थांबले. कानशीचा आवाज, दोन-तीन वेळा, हलका. पुन्हा तार. आम्ही चौघे आणि मित्र बसल्या जागी गप्प झालो, लहानपणी व्हायचो तसे. मग आमच्यातला एक उठून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. छोटी जमिनीवर बसली होती, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा, ओढणी कानामागे खोचलेली. पन्नाशीची बाई. तिने वर न पाहता सांगितले, 'धारवाडच्या बाईंचा आहे. जानेवारीत द्यायचा होता. अब्बांच्या आजारपणात राहिला.'

नंतर हळूहळू सगळे बाहेर आले. ती परत आली त्या वर्षी वेळ जात नव्हता म्हणून अब्बांनी तिला धागा सरकवायला बसवले. बोटे हलकी, कान तयार. लहानपणापासून पडद्याच्या आत बसून तिने तेच ऐकले होते जे आम्ही बाहेर बसून ऐकले. पुढे अब्बांचे कान जाऊ लागले. वरच्या बारीक लहरी आधी गेल्या, आणि जवारी तर तिथेच असते. मग काम तिच्याकडे आले. वीस वर्षे या दुकानातून गेलेल्या प्रत्येक तंबोऱ्याची जवारी तिची. अब्बा भोपळा, दांडी, तबली करीत. वाद्य तिच्यापुढे ठेवीत, आणि तिचा चेहरा पाहत. ऐकू येत नसले तरी चेहऱ्यावरून कळे. अम्मींना माहीत होते. भावाला थोडेसे ठाऊक होते, 'छोटी मदत करते' एवढे. आम्हाला काहीच नाही.

आम्ही तिला विचारले, 'अब्बांनी आम्हाला का नाही सांगितलं?'

ती म्हणाली, 'सांगितलं असतं तर तुम्ही लेख लिहिला असता.'

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

अब्बांचे सगळे बरोबरच होते असे आम्ही म्हणणार नाही. प्रेमाने आठवण काढताना माणसाचा पुतळा करायची आपल्याकडे सवय आहे. बहिऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक येणार नाही आणि बाईने काढलेली जवारी गवई घेणार नाही, अशी दुहेरी भीती त्यांना होती. ती भीती खरी असेल. पण त्यापायी मुलीचे काम वीस वर्षे पडद्याआड राहिले आणि पैशाचा हिशेब बापाच्या वहीत. तिने हे बोलून दाखवले नाही. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, 'घरची जवारी म्हणायचे की ते. कोणी विचारलंच नाही, घरची म्हणजे कोणाची.' ती बापाची बाजू घेत होती की आमचा कान धरत होती, हे आम्हाला अजून नक्की कळलेले नाही. बहुधा दोन्ही.

चाळिसावा रमजानमध्ये आला. तोवर मित्राने दुकानासाठी आलेल्या माणसाला थांबायला सांगितले होते. विकायचे नाही असे ठरलेले नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. तो म्हणतो, एक वर्ष पाहू. कागदावर जागा अम्मींच्या आणि दोघा भावंडांच्या नावावर होईल. बहिणीचा शरियतप्रमाणे हिस्सा आहेच, पण दुकानातले सामान, कानशी, साचे आणि माळ्यावरचे भोपळे पूर्ण तिचे, असे त्याने चाळिसाव्याच्या इफ्तारीला सर्वांसमोर सांगितले. सांगताना त्याला रडू आले. आम्ही त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिले नव्हते. तो नंतर म्हणाला, 'अब्बा मला दुकानात बसवणार होते. मी बसलो असतो तर मला हे आलं असतं का, माहीत नाही. माझा कान बेताचाच आहे.' हे त्याने आम्हाला दोष न देता म्हटले. आम्ही आमचा दोष आमच्यापाशी ठेवला आहे.

आम्ही एक शोकप्रस्ताव लिहून नेला होता. 'त्यांच्या मागे पत्नी, एक चिरंजीव, एक कन्या असा परिवार आहे' असा. तो खिशातच राहिला.

ईदनंतरच्या रविवारी धारवाडच्या बाईंचा तंबोरा पोचवायचे काम छोटीने आमच्यातल्या एकाला दिले. गवसणीत घातलेला तंबोरा रेल्वेच्या डब्यात उभा धरून नेणे हे काय काम आहे ते नेणाऱ्यालाच ठाऊक. निघताना तिने बजावले होते की बाईंनी विचारले तर खरे सांगा. बाई साठीच्या पुढच्या, गायन शिकवणाऱ्या. त्यांनी तंबोरा लावला, डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिल्या. अब्बांबद्दल विचारले, हळहळल्या. मग म्हणाल्या, 'त्यांचं हे शेवटचं का?' आमच्या माणसाने खरे सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. हा म्हणतो, माझ्या पोटात गोळा आला. बाहेर आल्या त्या दुसरा, लहान तंबोरा घेऊन. याची जवारी गेली आहे, म्हणाल्या, हा घेऊन जा, आणि तिला सांगा घाई नाही. आमचा माणूस जाताना एक तंबोरा घेऊन गेला होता, येतानाही एक घेऊनच आला.

भीमाकाठचा शेतकरी यंदाही आला. अब्बा दर वर्षी चांगल्या भोपळ्यांच्या बिया धुऊन, वाळवून, पुरचुंडीत बांधून त्याला परत देत. छोटीने पुरचुंडी बांधून ठेवली होती. त्याने दारातच फेटा काढून हातात घेतला, दोन मिनिटे उभा राहिला, आणि मग ट्रकमधला माल उतरवू लागला. ती ओट्यावर बसून एकेक भोपळा पेराने ठोकत होती. एक बाजूला ठेवला. आम्ही विचारले, हा का? म्हणाली, 'शरमाता है.'

अम्मी, भाई आणि छोटी, तुम्हाला आमचा हा पुरसा. तोंडाने द्यायला जमला नाही म्हणून लिहून देत आहोत. अल्लाह अब्बांची मगफिरत करो आणि त्यांच्या कबरीत उजेड ठेवो.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही छोटीकडे गेलो आणि विचारले. पूर्ण वाचून दाखवला. तलाकाचा भाग आला तेव्हा आम्ही थांबलो, ती म्हणाली, वाचा पुढे. 2003 च्या जागी आम्ही आधी चुकून 2002 लिहिले होते, ते तिने दुरुस्त केले. एक ओळ काढायला सांगितली, ती काढली. नाव घालू का म्हटले तर नको म्हणाली. गल्ली?

'गल्ली लोकांना माहीत आहे. काम चालू आहे एवढं लिहा. आणि जुम्म्याला दुकान बंद असतं, तेही लिहा. लोक लांबून येतात, हेलपाटा पडतो.'